अम्म हरीदीची पाठ

वीज गेलीच आहे, तर दिवा तिथेच असू दे. एरवी मला कोणी दोन शब्द बोलू देत नाही. अंधार झाला की मात्र सगळ्यांना इंतिसारच्या गोष्टी आठवतात. सांगते. फक्त मध्येच 'असं कसं होईल' म्हणू नका. कसं होईल ते मलाही ठाऊक नाही, आणि मी तर इंजिनियर आहे.

हे याच रमजानमधलं. त्या दिवशी मी अगदी साध्या कामाला निघाले होते. दोन नंबरच्या खांबावर जो कान बसवलाय, त्याच्याखालचं मलम उष्णतेने वाळलं होतं. ते खरवडायचं, नवं लावायचं आणि परत यायचं. हातात फडकं, खिशात मलमाची ट्यूब, आणि घसा कोरडा पडलेला, कारण रोजा सुटायची वेळ जवळ आली होती.

कान म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सिमेंटची भट्टी तुम्ही लांबून पाहिलीच आहे, डोंगराच्या उतारावर आडवी पडलेली, आतून बस जाईल एवढी मोठी लोखंडी नळी. ती आतून पेटलेली असते आणि सतत फिरत असते, पण इतकी सावकाश, की एक फेरा होईस्तोवर चहात साखर घालून ढवळून होते. तिचं सगळं ओझं खांबांवरच्या जाडजूड रोलरांवर, आणि रोलरांचं ओझं त्यांच्या बेअरिंगवर. आता पंख्याचं बेअरिंग बिघडलं तर ते बोंबाबोंब करतं, बहिऱ्यालाही कळतं. हे संथ फिरणारं बेअरिंग नुसतं कुजबुजतं. आत पोलादाला चीर जात असते, आणि बाहेरून हात लावा, कान लावा, काही कळत नाही. म्हणून आम्ही बेअरिंगच्या पेटीला, मध्ये मलम लावून, एक डबीएवढं यंत्र चिकटवलंय. माणसाला ऐकूच येत नाही असा बारीक आवाज ते पोलादातून उचलतं, आपल्याला ऐकू येईल असा करून हेडफोनमध्ये देतं, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर हिरवा नाहीतर लाल दिवा लावतं. यंत्राचं नाव लांबलचक आहे. सगळे त्याला कान म्हणतात.

पण या कानाला आधी शिकवावं लागतं. निरोगी आवाज कसा असतो तो त्याला महिनाभर ऐकवायचा. मग त्यात काही बदललं की तो लाल होतो. मी त्याला शिकवलं हिवाळ्यात. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

घोळाचं नाव अम्म हरीदी. अम्म म्हणजे काका. कारखान्यात तो सगळ्यांचाच काका होता. भट्टीला तेल-ग्रीस द्यायचं काम. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, अंगाला लवंगेचा आणि ग्रीसचा वास, आणि आळशी म्हणाल तर पहिल्या नंबरचा! हिवाळ्यात डोंगरावरून बोचरा वारा सुटला की हा गडी दोन नंबरच्या खांबावरच्या चार पायऱ्या चढायचा आणि बेअरिंगच्या गरम पेटीला पाठ लावून बसायचा. डाव्या हातात चांदीची अंगठी, लाल खड्याची. जप करताना ती पेटीवर वाजवायचा. टक... टक... मग थोड्या वेळाने घोरणं.

मी ओरडायची, "अम्म हरीदी, ही काय बसायची जागा आहे?"

तो डोळेही उघडायचा नाही. "पोरी, घरी बायको पाठ शेकून देते, पण तासभर टोमणे ऐकावे लागतात. ही पेटी फुकटात शेकते आणि तोंड बंद ठेवते."

मला हसू यायचं आणि मी निघून जायची. मी त्याच्यावर किती माया करत होते हे त्याला कधी सांगितलं नाही, आता सांगते. माझा बाप लवकर गेला. कारखान्यात पहिल्यांदा बाई इंजिनियर आली म्हणून सगळे कुजबुजत होते तेव्हा याने सगळ्यांसमोर स्वतःच्या ग्लासातला चहा मला दिला होता. आमच्याकडे अम्म हरीदीने चहा दिला म्हणजे विषय संपला.

शाबान महिन्याच्या शेवटी, रमजान तोंडावर आला असताना, तो घरी झोपेतच गेला. आणि दफन करून आम्ही परत आलो, तर दोन नंबरचा कान लाल.

आम्ही तेल पाहिलं, तापमान पाहिलं, झाकण उघडून दिसेल तेवढं आत पाहिलं. सगळं ठीक. दिवा लालच. शेवटी वदीने शोधून काढलं. वदी म्हणजे वदीअ, कंट्रोल रूममध्ये बसतो, आमच्या गावच्या चर्चमध्ये भजनं म्हणतो, त्यामुळे त्याचा कान चांगला आहे. त्याने हिवाळ्यातला आवाज आणि आजचा आवाज शेजारी-शेजारी लावले.

"इंतिसार, यात काही वाढलेलं नाही," तो म्हणाला. "काहीतरी कमी झालंय."

मग त्याने हिवाळ्यातला आवाज मोठा केला. टक... टक... टक...

अरे देवा! महिनाभर आम्ही त्या यंत्राला शिकवलं होतं, की अम्म हरीदीची अंगठी वाजते म्हणजे भट्टी ठणठणीत आहे. वदी पोट धरून हसला. मीही हसले. मग हसता हसता त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

उत्पादन सांभाळणारे इंजिनियर रफअत म्हणाले, "झालं ते झालं. कानाला नव्याने शिकवा, आणि या वेळी पेटीजवळ कोणी बसणार नाही हे बघा." ठीक आहे म्हटलं. आणि शिकवायच्या आधी मलम बदलावं म्हणून मी निघाले होते, ती ही संध्याकाळ.

इफ्तारची वेळ मी मुद्दाम निवडते. त्या वेळी ट्रक उभे राहतात, दगड फोडणारं यंत्र बंद होतं, आरडाओरडा थांबतो. भट्टी तेवढी फिरत राहते. ऐकायला त्याच्याइतकी चांगली वेळ नाही. ऊन डोंगराच्या कडेला तांबडं झालं होतं. खाली माणसं चटई अंथरत होती, मुदम्मसच्या, रटरटलेल्या कडधान्याच्या हंडीचा वास सुटला होता. मी पहिली पायरी चढले तोच फोन वाजला. वदी.

"तू पोचलीस का गं तिथे?"

"आत्ताच. का?"

"तू काही केलंस?"

"अजून हात नाही लावला."

त्याने खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "दिवा हिरवा झालाय."

मी वर गेले. पेटीजवळ कोणी नव्हतं. मी हेडफोन जोडला आणि कानाला लावला. आधी नेहमीची घरघर, लांबून पाणी वाहतंय अशी. आणि मग... टक. थोडं थांबून... टक.

तुम्हाला वाटेल मी किंचाळत खाली पळाले. नाही. मी तिथेच मटकन बसले आणि मला रडू कोसळलं. भीती नव्हती हो त्यात. लवंगेचा वास येत होता. खाली अजान झाली, माणसांनी खजूर तोंडात टाकले, आणि मी वर बसून एका गेलेल्या माणसाचा जप ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्याला बातमी. लपणार कशी? वदीच्या पोटात काही राहत नाही. माणसं एकेक करून येऊन हेडफोन लावून गेली. कोणी गेलेल्यासाठी फातिहा म्हटला, कोणी नुसताच हसला. भट्टीवरचा मितवल्ली, आडदांड माणूस, बैलाच्या मानेचा, तो हेडफोन काढून म्हणाला, "बघा बघा, मेल्यावरही कामावर हजर आहे, आणि मेल्यावरही काम करत नाहीये!" त्या दिवसापासून मितवल्लीने इफ्तारची चटई खेचून थेट दोन नंबरच्या खांबाखाली आणली, भट्टीच्या पोटाखाली, की जेवताना काकाची सोबत. एक ग्लास चहा वर पायरीवर ठेवायचे. वदीचा त्या वेळी चर्चचा मोठा उपास चालू होता, दूध नाही, मांस नाही. तोही वाटीभर डाळ घेऊन येऊन बसायचा. म्हणायचा, "तुमचा उपास रोज सुटतो तरी, आमचा सुटायचं नाव घेत नाही." फार छान दिवस होते ते. खोटं कशाला बोलू?

रफअतसाहेबांना मी म्हटलं, नव्याने शिकवणं थोडं पुढे ढकलू या. त्यांनीही हेडफोन लावून पाहिला होता. त्यांनी मान हलवली.

मग एका संध्याकाळी मला दुसरा आवाज ऐकू आला.

टकटकीच्या खाली होता. अगदी बारीक. कोणी दाढेखाली खडीसाखर फोडावी तसा. एकदा आला आणि गेला. मी श्वास धरून बसले. पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी थोडा जास्त वेळ. हा आवाज मी ओळखते, हाच ऐकायला तर मी शिकले आहे. पोलाद तुटायला लागलं की असं होतं. पण प्रत्येक वेळी तो आला, की वरून अंगठीची टक पडायची आणि तो तिच्याखाली दबायचा. कानालाही तेच ऐकू जात होतं. पडदा हिरवागार.

मी रफअतसाहेबांकडे गेले.

"भट्टी थांबवा."

"लाल आहे का?"

"नाही. पण..."

"इंतिसार, चालती भट्टी एकदम गार केली तर आतल्या विटा फुटतात, हे तुला मी सांगायचं? हिरव्या दिव्यावर मी ती थांबवली तर वर काय सांगू? की आमच्या एका मयत कामगाराच्या अंगठीमुळे आम्हाला नीट ऐकू येत नाही?" ते चिडले नव्हते, तीच तर पंचाईत. "तू लाल दाखव. मी त्या मिनिटाला थांबवतो. शब्द देतो."

मग मितवल्लीकडे गेले. "चटई उचला इथून. कॅन्टीनमध्ये जेवा."

"का?"

"वरचं बेअरिंग मला बरं वाटत नाही. ते गेलं तर भट्टी तुमच्या डोक्यात येईल."

त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, अम्म हरीदी इथे बसलाय. तो बसलाय तिथे काही वाईट होईल? आणि आम्ही काय त्याच्याकडे पाठ करून कॅन्टीनमध्ये जाऊन भात खायचा? लाज नाही वाटणार?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी हात जोडले, ओरडले, शेवटी शिव्याही घातल्या, ते हसून म्हणाले, "रोजा लागलाय बाईंना, चहा द्या रे."

मी वर गेले. हेडफोन लावला. आता तो कडकडणारा आवाज थांबतच नव्हता.

"अम्म हरीदी..." मी हळूच म्हटलं, "जरा उठा ना. मला खालचं ऐकू येत नाही हो... खाली पोरं जेवतायत."

टक... टक... टक...

तो उठला नाही. आणि मला त्याच्यावर याहून जास्त आवाज चढवता येईना. जन्मभर त्याच्यावर आवाज चढवायचा हक्क एकाच माणसाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी काढली आणि त्याच्या गावी जाऊन खालती फिक्रियाला घेऊन आले. त्याची बायको. आम्ही सगळे तिला खालती म्हणतो, मावशी. ठेंगणी, गोल, काळ्या चादरीत गुंडाळलेली, आणि तोंडाने तिखट. गाडीत बसल्यापासून मी सगळं सांगत होते; ती खिडकीबाहेर बघत होती. फक्त एकदा म्हणाली, "म्हणजे मी इथे भिंतींशी बोलत बसलेय, आणि हा तिकडे मित्रांबरोबर इफ्तार करतोय."

ती चार पायऱ्या चढली, मांडीवर मुलुखियाच्या पालेभाजीचं झाकलेलं भांडं घेऊन पेटीसमोर बसली. मी हेडफोन तिच्या कानांना लावला. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आधी काहीच नाही. मग ओठ हलले. मग ती एकदम सोळा वर्षांची दिसायला लागली.

"ही आमच्या लग्नातली अंगठी," ती म्हणाली. तिने डावा हात पुढे केला. लाल खड्याची चांदीची अंगठी तिच्या अंगठ्यात होती, सैल होऊ नये म्हणून दोरा गुंडाळलेली. "शेवटची आंघोळ घालताना मीच काढून घेतली... मग हा वाजवतोय काय?"

त्या वेळी माझ्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

खाली माणसं जमली होती. ऊन उतरलं. अजानला थोडाच अवकाश होता. मी दुसरा हेडफोन लावला. टकटकीखाली आता खडीसाखर नव्हती, कोणी पोतंभर खडे दळत होतं.

"खालती, बोला त्यांच्याशी. लवकर..."

ती पेटीकडे सरकली. आवाज खाली आणला, घरात बोलतात तसा.

"हरीदी. ऊठ. घरी चल."

टक. टक. टक. टक. अंगठी घाईने वाजायला लागली. तो इतक्या घाईत काही करताना मी कधी पाहिला नव्हता.

"नाही म्हणतोय," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "हा नाही म्हणायचा तेव्हा असाच बोट आपटायचा." मग पुन्हा पेटीकडे. "ऊठ म्हटलं ना! ही पोर रडकुंडीला आलीय. लोकांच्या दारात किती दिवस बसायचं माणसाने?"

टक टक टक टक टक.

तिने हेडफोन काढला. चादरीचं टोक तोंडाशी धरलं. आणि मग जे बोलली ते अजिबात ओरडून नाही.

"मी रोज दोघांचं रांधते रे. सवय आहे ना हाताला... आणि मग एकटी जेवते. तुला नाही का काही वाटत?"

माझ्या कानात टकटक थांबली.

काहीच नाही. मग एकदाच, अगदी हळू... टक. आणि बेअरिंगच्या पेटीला टेकलेल्या माझ्या गुडघ्याला असं वाटलं, की शेजारचा माणूस हात टेकून, कण्हत, उठून उभा राहिला.

त्याच क्षणी पेटी फुटली. आधी कानात, हेडफोन फेकावा लागला इतक्या जोरात; मग बाहेर, उघड्या हवेत, सगळ्यांना ऐकू येईल असा तडाखा. चालूच ठेवलेल्या फोनवर वदी ओरडत होता, "लाल! लाल! लाल!" मी पायरीशेजारचं, दिवा लाल झाल्याशिवाय हात लावायची परवानगी नसलेलं, भट्टी थांबवायचं बटण दाबलं आणि खाली बघून बोंबलले, "उठा! पळा तिथून!" तोंडात खजूर घेऊन माणसं धावली. भट्टी गुरासारखी हंबरली, हातभर खाली बसली आणि डुगडुगत थांबली. पेटीचा मनगटाएवढा बोल्ट तुटून चटईवर आला, जिथे आत्तापर्यंत मितवल्ली मांडी घालून बसला होता. मुदम्मसची हंडी चपटी झाली. एवढं होऊनही माणूस एकही गेला नाही, कोणाला खरचटलंही नाही. रफअतसाहेब धावत आले आणि भट्टीकडे न बघता आधी माणसं मोजायला लागले, हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवलंय.

या गोंधळात खालती फिक्रिया कधी उठली ते मला कळलं नाही. फाटकावर पोचले तेव्हा ती भांडं कमरेवर घेऊन रस्त्याला लागली होती. गाडीने सोडते म्हटलं, तर नको म्हणाली. "आम्ही चालत जाऊ," म्हणाली.

पुढचे काही दिवस माणसं जरा फुरंगटलेलीच होती. मितवल्ली म्हणाला, "काकाने घात केला असता. आवाज झाकून बसला." मीही मनातून रागावले होते, का नाही? इतकं विनवलं होतं त्याला. मग पेटीचे तुकडे आम्ही खाली उतरवले. वदीने चिरेवर बोट फिरवलं. चीर आतपर्यंत गंजलेली होती, म्हणजे जुनी. तो चक्रावून म्हणाला, "ही तर शाबानच्याही आधीची आहे. इतकी चीर गेल्यावर ही पेटी एक दिवस टिकायला नको होती." तेव्हा मी तुकडा उलटा केला. आमच्या कारखान्यात सगळ्यावर राखाडी धूळ असते. आत्ता पुसलं तर तासाभरात बोट उमटतं. त्या पेटीवरही होती, बोटभर जाड. फक्त बाहेरच्या बाजूला, बसल्या माणसाच्या उंचीवर, एक जागा स्वच्छ होती. वर रुंद, खाली निमुळती. दोन खांदे आणि कणा. वदीने छातीवर क्रूसाची खूण केली.

ईदला मी कहकचा, ईदच्या बिस्किटांचा, डबा घेऊन खालती फिक्रियाकडे गेले. दार उघडंच होतं. ती इतकी खुश दिसली की मलाच बरं वाटलं. गाल भरले होते. पीठ उन्हात फुगवून भाजलेल्या भाकरी तिने समोर ठेवल्या, चहा केला, मला खायला लावलं, माझ्या लग्नाचा विषय काढून मला छळलं. मग मी तिला त्या स्वच्छ जागेबद्दल सांगितलं.

तिला काही नवल वाटलं नाही. "तो तसाच होता," ती म्हणाली. "आमची पहिली मातीची खोली होती ना, पुरात तिची भिंत फुगली. मी पोरांना बाहेर काढत होते आणि हा भिंतीला पाठ लावून बसलेला. मी ओरडतेय ऊठ, ऊठ, तर जमिनीवर बोट आपटत नाही, नाही म्हणतोय. शेवटचं पोर बाहेर आल्यावर उठला. मग पडली भिंत." ती हसली. "लोक म्हणायचे आळशी आहे, कुठेही टेकून बसतो. कुठेही नाही बसायचा गं तो."

माझ्या हातातला चहा गार होत गेला. इतके दिवस मी त्याला दोष देत होते, आणि तो आवाज झाकत नव्हताच. तो पेटी धरून बसला होता. खाली पोरं जेवत होती म्हणून. आणि आम्ही त्याला तिथून उठवलं होतं.

"खालती..." मी विचारलं, "आता... आता ते कुठे आहेत?"

"इथेच की. घरी आलाय." तिने लाजून चादर सावरली. "आधी दोन दिवस दाराशी घुटमळला. आता रात्री माझ्या पाठीला पाठ लावून बसतो. हे बघ, इथे, डावीकडे. किती ऊब लागते म्हणून सांगू! मला इतकी गाढ झोप वर्षानुवर्षं लागली नव्हती."

बरोबर काळजामागे. डावीकडे. मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली, आणि हलायचीही भीती वाटली. कसंबसं म्हटलं, "उद्या मी तुम्हाला मिनिया शहरात नेते. मोठ्या डॉक्टरकडे. नुसतं तपासून येऊ."

"मला काय धाड भरलीय? दुखत नाही, खुपत नाही."

"माझ्यासाठी चला. आणि खालती, ऐका... त्यांना उठवू नका. काहीही झालं तरी. जेवायलासुद्धा नको. बसू दे त्यांना."

"मी कशाला उठवू गं?" ती म्हणाली. मग जरा थांबली, भाकरीचा तुकडा मोडत. "पण काल पहाटे तो आपणहून उठला. मला एकदम गार लागलं म्हणून कळलं. थोडाच वेळ... मग आला परत, बसला."

"कुठे गेले होते?"

"दाराशी," ती म्हणाली. "कोणी न्यायला आलंय का ते बघायला."